टाकीत पहिलं कोण उतरतं

कुरकुंभला टाकी साफ करताना दोन माणसं गेली, हे मला माझ्या नवऱ्यानं सांगितलं नाही. दौंडच्या बाजारात गवार निवडत होते, तेव्हा शेजारच्या बाईनं सांगितलं आणि वर विचारलं, "तुमचंबी तेच काम हाय ना वो?" मी गवार तशीच टाकून घरी आले.

आमचं तेच काम आहे. औषधं आणि रसायनं बनवणाऱ्या कंपन्यांच्या टाक्या आतून साफ करायच्या. टाकीच्या वर एक गोल तोंड असतं. माणूस कमरेला दोर बांधून त्यातून खाली उतरतो, तळाला बसलेला गाळ खरवडतो आणि बादलीनं वर देतो. धंद्याचं नाव बिरोबा सर्व्हिसेस. मालक माझा नवरा हनुमंत, कामगार आठ. बिलं, पत्रं, बँक सगळं माझ्याकडं, कारण मी शिरूरच्या कॉलेजात बी.कॉम. केलंय आणि इंग्रजी फॉर्म समोर आला की पाणी प्यायला न उठणारी घरात मी एकटीच.

संध्याकाळी हनुमंत आला तेव्हा मी विचारलं. तो म्हणाला, दुसऱ्या ठेकेदाराचं काम होतं, आपलं नाही. जणू टाकीला ठेकेदाराचं नाव वाचता येतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई त्या ठेकेदाराच्या घरी भेटायला गेलो. जाऊबाईंचं नाव म्हाळसा, मी त्यांना आक्का म्हणते. गेलेल्यांपैकी एक बिहारचा होता. त्याचं प्रेत गावाकडं गेलं होतं आणि भरपाईचे कागद हलले होते. दुसरा त्या ठेकेदाराचा सख्खा मेहुणा. विम्याच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. घरचा माणूस, त्याला मजुरांच्या यादीत कुठं घालायचं, म्हणून कुणी घातलं नव्हतं. आता त्याची बायको सारिका भिंतीला टेकून बसली होती आणि तिची नणंद, म्हणजे ठेकेदाराची बायको, तिच्याकडं पाठ करून दुसऱ्या भिंतीला. एकीचा नवरा गेला होता, दुसरीचा भाऊ. दोघी एकाच माणसासाठी रडत होत्या आणि एकमेकींकडं बघत नव्हत्या.

परत येताना आक्का रिक्षात पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. घरी आल्या आल्या कपाटातली फाइल काढली, विम्याच्या पॉलिसीला जोडलेली यादी बघितली. आठ नावं. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. म्हस्कू हे नाव त्यात नव्हतं.

म्हस्कूदादा म्हणजे माझे थोरले दीर, आक्कांचे मालक. चार वर्षांपूर्वीपर्यंत त्यांची मेंढरं होती. चराईला रान उरलं नाही, तेव्हा कळप विकला आणि हनुमंतच्या नव्या धंद्यात आले. येताना एक सवय घेऊन आले. नदी ओलांडायची तर ते कळप पाण्यात घालायचे नाहीत. आधी स्वतः उतरायचे, पायानं तळ चाचपायचे, पलीकडं जाऊन यायचे आणि मग मेंढरांना हाक द्यायचे. टाकीतही त्यांनी तेच सुरू केलं. कंपनीचा माणूस येतो, तोंडाशी मीटर धरून वायू मोजतो, आत उतरायच्या परमिटवर सही करतो आणि चहाला जातो. पण वायू गाळात दडलेला असतो. गाळ हलवला की उठतो, आणि तोंडाशी धरलेल्या मीटरला ते आधी कुठून कळणार? म्हणून दादा पहिले उतरतात, काठीनं गाळ ढवळतात, दहा मिनिटं थांबतात आणि मग वर हाक देतात. आमचे आठही कामगार त्या हाकेशिवाय आत पाय टाकत नाहीत. आम्हाला याचं मोठं कौतुक होतं. ज्याच्या त्याच्याजवळ सांगत सुटायचो.

आणि यादीत त्यांचं नाव नव्हतं. पहिल्यांदा गेटपास काढायचे होते, तेव्हा कारकुनानं दादांकडं बोट करून विचारलं होतं, हे कोण? हनुमंत म्हणाला, हे आमचे मोठे, हेच मालक. दादांच्या पासवर मालक असं छापून आलं. थोरल्या भावाला धाकट्याचा मजूर कसं लिहायचं? आमच्यात असं कुणी लिहीत नाही. दादा पगारही घेत नाहीत. घरात लागेल तसं लागतं, सगळ्यांचं एकच. त्या पासचा मलाही तेव्हा अभिमान वाटला होता. आता तोच पास मी फाइलमध्ये पालथा ठेवला.

आमचा जुना एजंट चांगला माणूस, दिवाळीला मिठाईचा बॉक्स द्यायचा. त्याला फोन केला तर म्हणाला, वहिनी, काही होत नाही, कशाला डोक्याला ताप करून घेता. मी फोन ठेवला. काही होत नाही म्हणणाऱ्याकडून विमा घ्यायचा म्हणजे कमालच.

माझं माहेर कवठे येमाई. तिथल्या माझ्या चुलतभावाच्या पोल्ट्रीचा विमा शिरूरच्या राजनंदिनी मॅडमनी काढून दिला होता आणि पक्षी मेले तेव्हा त्याला खरोखर पैसे मिळाले होते. विम्याचे पैसे मिळालेला माणूस मी आयुष्यात एवढा एकच पाहिलाय. हनुमंतला सांगितलं, आईला बघून येते. न्हावऱ्यावरून शिरूर गाठलं.

एसटी डेपोच्या मागं, बियाण्याच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. बाई माझ्यापेक्षा लहानच असेल, पण नजर मास्तरणीची. आधी म्हणाल्या, एजंट विमा कंपनीचा माणूस असतो, ब्रोकर तुमच्या बाजूनं कंपनीशी बोलतो. पण तुमच्या बाजूनं बोलायचं तर तुम्ही मला खरं सांगायचं. मग त्यांनी आमची जुनी पॉलिसी वाचायला घेतली आणि दुसऱ्याच ओळीवर थांबल्या. कामाचं स्वरूप: झाडलोट व आवारातील साफसफाई.

मी म्हटलं, एजंटनं सांगितलं होतं, असं लिहिलं की हप्ता कमी बसतो. त्या म्हणाल्या, बसतोच. पण उद्या टाकीत माणूस गेला तर विमा कंपनी विचारेल, झाडू मारायला टाकीत कशाला उतरला होता? म्हणजे दादांचं सोडाच, ती आठ माणसंही चार वर्षं उघडीच होती. आणि मी दरवर्षी न चुकता, तारीख न चुकवता, त्या कागदाचं नूतनीकरण करत होते. वर फाइलला छान लेबल लावलं होतं.

नंतर त्यांनी मला तासभर प्रश्न विचारले. टाकीत आधी काय होतं, गाळ कसला, दोर कोण धरतं, आत हवा सोडायला ब्लोअर असतो का, किती वेळ. प्रत्येक उत्तर मी देत होते आणि प्रत्येक उत्तराबरोबर ती टाकी मला जास्त स्पष्ट दिसत होती. चार वर्षं मी तिची बिलं केली होती, लांबी-रुंदी मला तोंडपाठ होती, पण आत काळोख असतो हे मला त्या खुर्चीवर बसल्यावर कळलं.

"टाकीत पहिलं कोण उतरतं?" त्यांनी विचारलं.

मी दादांचं सांगितलं. अगदी सवयीनं, कौतुकानं सांगितलं. नदीचं, मेंढरांचं, हाकेचं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ते यादीत कुठे आहेत?"

"ते घरचे आहेत."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ही पॉलिसी कामगाराला असते. कामगार म्हणजे जो पगार घेतो आणि रजिस्टरला सही करतो. मालक या पॉलिसीत येत नाही, त्याला वेगळा अपघात विमा काढावा लागतो. तुमचे दादा पासवर मालक आहेत, पण धंदा त्यांच्या नावावर नाही. पगार नाही म्हणून कामगारही नाहीत. उद्या काही झालं तर ते कागदावर कुणीच नाहीत.

मग त्यांनी विचारलं, मिस्टर उतरतात का? मी म्हटलं, नाही, ते वर दोर धरतात. त्या म्हणाल्या, तरी त्यांचा वेगळा विमा आत्ताच काढून घेऊ, दोन्ही कामं एकदम होतील. मी म्हटलं, ते नंतर बघू, आधी दादांचं करा. माझं सगळं लक्ष दादांवर होतं. हनुमंत तर टाकीच्या बाहेर असतो, त्याला काय होणार आहे, असं मला वाटलं. खरंच असंच वाटलं.

काम ठरलं ते असं. कामाचं स्वरूप खरं लिहायचं, टाकीत उतरून सफाई. नऊ नावं द्यायची. दादांचा पगार ठरवायचा, बँकेत द्यायचा, रजिस्टरवर त्यांची सही घ्यायची. हे सगळं शुक्रवारच्या आत, कारण पुढच्या सोमवारी एका कंपनीचा शटडाऊन होता. चार दिवस कारखाना बंद आणि पाच टाक्या आम्हाला साफ करायच्या होत्या.

हनुमंतला सांगितलं तर तो जेवणाच्या ताटावरून उठला.

"दादाला मजूर लिहू? माझी जीभ झडंल. बाप गेल्यावर त्यानं मला वाढवलंय."

मी म्हटलं, मग वाढवल्याची परतफेड अशी करताय का? त्यावर तो बोलायचाच बंद झाला. आमच्या घरात भांडण असंच होतं, पुरुष गप्प बसतात आणि बायका भांडी आपटतात. मी भरपूर आपटली.

मधले दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. रोजची कामं चालूच होती, रोज एखादी टाकी, रोज दादा पहिले. साधारण बारानंतर परमिट मिळतं. बारा वाजले की मी फोन समोर घेऊन बसायचे. फोन वाजला की उचलायची भीती आणि नाही वाजला की त्याहून भीती. एकदा हनुमंतनं डबा विसरला म्हणून फोन केला. मी नुसता नंबर बघितला आणि खाली बसले. त्याचं हॅलो ऐकूनसुद्धा माझ्या तोंडून शब्द फुटेना. तो म्हणाला, रेंज नाही वाटतं.

गुरुवारी सकाळी माझ्यानं राहवलं नाही. दादा ओट्यावर बसून चहा पीत होते. थोरल्या दिराशी मी कधी समोरासमोर बसून बोललेली नाही, काय असेल ते आक्कांमार्फत. त्या दिवशी डोक्यावर पदर घेतला, रजिस्टर काढलं आणि त्यांच्या समोर जाऊन खालीच बसले. आक्का दारात उभ्या होत्या.

"दादा, सही पायजे."

"कसली?"

"तुम्ही कामगार हाय म्हणून."

त्यांनी कप खाली ठेवला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, सारिकाचं, यादीचं, मॅडमचं. आता हे उठतील, घर दोन होईल, हनुमंत मला माफ करणार नाही, असं सगळं एकदम वाटत होतं. दादांनी रजिस्टर जवळ ओढलं आणि रकान्यांवरून बोट फिरवलं.

"म्या गेल्यावर म्हाळसाला मिळंल?"

"मिळंल."

"मग लिव्ह की. कामगार लिव्ह."

त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. मला हसावं की रडावं कळेना. एवढ्या साध्या गोष्टीला आम्ही आठवडाभर घाबरलो होतो. मग पेन माझ्या हातात देताना ते खाली बघून बोलले.

"पूनम, मला आत भ्या वाटतं. पयल्या दिसापासनं वाटतं. पासवर मालक लिवलंय, मालकानं कसं म्हणायचं? आन् मला कवा कुणी इचारलंबी न्हाई."

मी दाराकडं बघितलं. आक्का तिथं नव्हत्या, आत गेल्या होत्या.

हनुमंतला दादांनी स्वतःच सांगितलं. काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण त्या संध्याकाळी हनुमंतनं रजिस्टरवर मालक म्हणून सही केली आणि मला म्हणाला, पाठव. शुक्रवारी मॅडमनी पॉलिसी मोबाइलवर पाठवली. कामाचं स्वरूप खरं, नावं नऊ, शेवटचं म्हस्कू. मी ते पान आक्कांना दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, पण त्यांनी नावावर बोट ठेवून विचारलं, हेच ना? मी हो म्हटलं. एवढं मोठं काम मी एकटीनं केलं म्हणून त्या दिवशी माझी मान जरा ताठच झाली होती.

ती मान शनिवारी खाली आली. कंपनीच्या गेटवर दादांचा पास बदलायचा होता. कारकुनानं पॉलिसीतली यादी बघितली आणि म्हणाला, हे आता कामगार आहेत ना, मग यांची मेडिकल लागेल. आत उतरणाऱ्या प्रत्येक कामगाराची लागते. आमच्या आठांची दरवर्षी व्हायची. दादांची कधीच झाली नव्हती, कारण मालकाची छाती कोण तपासतं? डॉक्टरनं त्यांना एका नळीत फुंकायला सांगितलं. तीनदा फुंकून घेतलं. मग कागदावर लिहिलं, बंदिस्त जागेत प्रवेशास अयोग्य. बाहेर उभं राहून काम करायला हरकत नाही.

घरी आल्यावर दादा म्हणाले, बरं झालं. पण तसं म्हणताना त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

रविवारी सकाळी हनुमंत दोर तपासत बसला होता. गाठी ओढून बघत होता. मी विचारलं, उद्या दादा नाहीत, मग पहिलं कोण उतरणार?

"मी. दुसरं कोण?" तो म्हणाला. "मालक मीच हाय की आता."

मालक या पॉलिसीत येत नाही. मॅडमनी सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, नंतर बघू.

मी मॅडमना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, फॉर्म आत्ता पाठवते, पण असलं काम म्हटल्यावर विमा कंपनी उत्पन्नाचे कागद बघणार, तपासणी मागणार. चार-पाच दिवस जातील. मी म्हटलं, तुम्ही पॉलिसीवर आजचीच तारीख टाका ना, काहीतरी करा. त्या म्हणाल्या, तसं केलं तर तो कागद तुमच्या उपयोगी पडायची वेळ येईल तेव्हाच फाटेल. आणि मग आवाज उतरवून बोलल्या, "पूनमताई, तोवर त्यांना उतरू देऊ नका. हे मी ब्रोकर म्हणून सांगत नाही."

मी हनुमंतला सांगितलं, चार दिवस थांबा. तो म्हणाला, शटडाऊन चारच दिवसांचा आहे, नंतर त्या टाक्या भरतील. काम सोडलं तर परत कुणी गेटवर उभं करणार नाही. मग मी जे बोलले ते मला अजून आठवतं. मी म्हटलं, आठ माणसं आहेत की. सगळ्यांचा विमा आहे आता, खरा विमा आहे. त्यांच्यातला कुणी तरी पहिला जाऊ दे.

हनुमंतनं दोर खाली ठेवला.

"त्यास्नी विमा हाय म्हणून आधी त्यास्नी ढकलू? विमा ह्याच्यासाठी काढला व्हय तू?"

ओट्यावर दादा बसले होते, त्यांनीही ऐकलं होतं. ते माझ्याकडं रागानं बघतील असं वाटलं, पण ते बघत होते हनुमंतकडं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, दोर मी धरतो. दुसरं कुणी धरायचा न्हाई.

सोमवारी दोघे भाऊ एकाच मोटारसायकलवर गेले. जाताना हनुमंतनं मला सांगितलं, ब्लोअर दोन लावणार आहे, मीटर खालीपर्यंत सोडायला लावणार आहे, तू उगाच घाबरू नको. मी मान हलवली. स्वयंपाक केला. कपडे धुतले. धुतलेले कपडे परत बादलीत टाकून परत धुतले. बारा वाजले. मॅडमचा मेसेज आला, फाइल विमा कंपनीकडं गेली आहे, अजून काही नाही.

साडेबाराला आक्का आल्या. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, पण दुपारच्या त्या कधी येत नाहीत. आल्या आणि माझ्याजवळ खाली बसल्या. पाणी विचारलं तर नको म्हणाल्या. मी फोन दोघींच्या मध्ये जमिनीवर ठेवला. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. मला वाटायला लागलं की आत्ता, या क्षणाला, तो खाली उतरतोय. दोर सुटतोय. मला श्वास घेता येईना आणि मी तो मोजायला लागले, जणू मी इथं घेतला तर त्याला तिथं पुरेल.

"आक्का," मी म्हटलं, "तुम्ही रोज काय करायच्या?"

"काय करणार? बसायची."

"चार वर्षं?"

"व्हय." त्या फोनकडंच बघत होत्या. "काय झालं आसतं तर हनुमंतनं आधी तुला फोन केला आसता. माझ्याकडं कुठं फोन हाय. मग म्या भिंतीला कान लावून बसायची. दुपारची तू झोपायची. तुझं घोरणं ऐकू यायचं. म्हणायची, पूनम झोपलीय, म्हंजी ह्यांना काय झालेलं न्हाई. तवा मला बरं वाटायचं." मग जरा थांबून म्हणाल्या, "मागल्या आठवड्यात तुझं घोरणं बंद झालं. तवापासनं माझा जीव थाऱ्यावर न्हवता."

चार वर्षं दुपारी मला खरंच छान झोप लागायची. पंखा लावायचा, उशी घ्यायची आणि आडवं व्हायचं. अंथरुणाला पाठ टेकली की दोन मिनिटांत झोप. भिंतीच्या पलीकडं ही बाई माझा श्वास ऐकत बसलेली असायची आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माझ्याकडून नवऱ्याच्या धंद्याची एकही तारीख चुकलेली नव्हती.

एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी उचलला नाही, आक्कांनी उचलला आणि कानाला लावून मला दिला. दादांचा आवाज होता. "आला वर. बरा हाय." मागून हनुमंत कुणाला तरी पाणी मागत होता. त्याचा आवाज ऐकला आणि मी तोंडात पदर कोंबला.

"आता घरी येताय?" मी विचारलं.

"कुठलं? दुसरी टाकी तीनला हाय," दादा म्हणाले.

मी फोन परत जमिनीवर ठेवला. आक्का उठतील असं मला वाटलं, त्यांचं माणूस तर आता कायमचं बाहेर होतं, दोर धरून. पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी पाय लांब केले, माझं डोकं स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "तू नीज. म्या जागी हाय."

मी डोळे मिटले. झोप येणं शक्य नव्हतं. तीन वाजेपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो.